मागच्या खोलीतले पेंटरचाचा

भिंत रंगवायच्या आधी पेंटरचाचा तिला कान लावायचे. डावा कान. उजवा हात भिंतीवर सपाट, डोळे मिटलेले, पायाशी रंगाचे डबे. मध्येच कुणी बोललं तर तोच हात थोडा वर करून म्हणायचे, "थांबा. ऐकू द्या जरा."

तुम्ही बारामती-इंदापूर रस्त्यानं कधी गेला असाल तर त्यांची अक्षरं तुम्ही वाचली आहेत. पिठाची गिरणी, हेअर कटिंग सलून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मालकाच्या नातवाचं नाव. भरलेल्या पोटाची अक्षरं, आणि डोक्यावरची रेघ शेवटाकडं किंचित वर गेलेली. फ्लेक्स आले आणि त्यांचं काम आटत गेलं, तरी जुन्या पाट्या अजून आहेत. लोक त्यांना पेंटर म्हणायचे, मुलं चाचा म्हणायची. मी दोन्ही जोडून टाकलं.

तेव्हा मी लासुर्ण्याजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत नवीन होते. चौथीचा वर्ग माझ्याकडं होता. भिंतींवर मुळाक्षरं, फळं, पक्षी रंगवून घ्यायचे होते. 'बोलक्या भिंती' म्हणतात त्याला. मुख्याध्यापकांनी पेंटरचाचांना बोलावलं. ते आले आणि बराच वेळ भिंतीला कान लावून उभे राहिले.

"काय म्हणती भिंत?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"ओल हाय आतनं," चाचा म्हणाले.

आम्ही हसलो. मला वाटलं, पोकळ गिलावा ओळखायची ही त्यांची पद्धत असेल. भिंतीवर बोटानं टकटक मात्र त्यांनी एकदाही केली नव्हती, हे मला नंतर आठवलं.

फळांची यादी मी कागदावर लिहून दिली. घाईत 'सिताफळ' लिहिलं, चूक लक्षात आल्यावर ते खोडलं आणि पुढं 'सीताफळ' लिहिलं. संध्याकाळी जाऊन बघते तर भिंतीवर हिरव्या रंगात 'सिताफळ', त्याच्यावरून लाल रंगाची सुबक आडवी रेघ, आणि शेजारी 'सीताफळ'. मुख्याध्यापक पोट धरून हसले. मला मात्र हसता हसता काहीतरी खटकलं. दुसऱ्या दिवशी चाचा एकटे होते तेव्हा मी हळूच विचारलं.

त्यांनी ब्रश रॉकेलमध्ये ठेवला. "मला वाचता येत न्हाय बाई. अक्षरं काढता येतात. चित्र काढल्यावानी."

"इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"पेंटरला कोण इचारतं, वाचता येतं का म्हणून?"

"अहो, अर्धा तालुका तुमचं लिहिलेलं वाचतो."

"वाचत आसंल. त्यात काय लिवलंय ते मला ठावं न्हाय."

ते मी कुणाला सांगितलं नाही. पाच-सहा दिवसांनी माझ्या वर्गात जे झालं त्यामुळं ते आणखीच आठवत राहिलं.

प्रज्ञा माझ्या वर्गातली सगळ्यात छान वाचणारी मुलगी होती, असं मला वाटत होतं. ठसक्यात, थांबे घेत वाचायची. एके दिवशी ती धडा वाचत असताना पंख्याच्या वाऱ्यानं तिच्या पुस्तकाचं पान उलटलं. ती वाचतच राहिली, आधीच्या पानावरचं. मी जवळ जाऊन पाहिलं. समोरच्या पानावर त्यातलं एकही अक्षर नव्हतं. सगळा धडा तिला ऐकून पाठ होता.

मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं. पण मी सगळ्यांसमोर म्हणाले, "कुठं आहे हे? बोट ठेव बघू."

मुलं हसली. प्रज्ञानं पानाकडं पाहिलं. तिच्या कपाळावर घामाचे थेंब आले. मग ती अगदी हळू म्हणाली, "हितंच हुतं. आता गेलं."

तिनं ते ज्या आवाजात सांगितलं तो आवाज मला नीट आठवतो. खोटं बोलणाऱ्या मुलाचा तो नव्हता. खोलीत कुणीतरी उभं होतं आणि आता दिसत नाही, असं सांगावं तसं तिनं ते सांगितलं.

त्यानंतर ती वर्गात तोंड उघडेना. मी तिच्या घरी गेले. वडील दुधाचा टेम्पो चालवायचे. ते म्हणाले, "पोरीला डोकं न्हाय बाई. चौथी झाली की घरी ठिवतो. हितं बी काम हाय." तिची आई दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "डोकं हाय ओ. टेम्पोचे सगळे रस्ते तिला तोंडपाठ हायेत. अक्षर बघितलं की घाबरती." बऱ्याच विनवण्या केल्यावर त्यांनी तिला माझ्याबरोबर बारामतीला तपासणीसाठी पाठवलं. तिथल्या तज्ज्ञ बाईंनी दोन तास तिच्याशी खेळत, बोलत काय ते पाहिलं आणि मला समजावून सांगितलं. डिस्लेक्सिया. बुद्धी चांगली आहे. डोळे चांगले आहेत. आवाज आणि अक्षर यांची गाठ तिच्या मनात बसत नाही, ती बसवावी लागेल. हातानं गिरवून, तोंडानं म्हणून, पुन्हा पुन्हा. आणि वर्गासमोर वाचायला लावू नका, असंही त्या म्हणाल्या. मी मान खाली घातली.

मी वाळूची ताटली केली, अक्षरांची कार्डं केली. आठवडाभर काही जमलं नाही. माझी घाई तिला दिसत असावी.

चाचा तेव्हा व्हरांड्याची भिंत रंगवत होते. प्रज्ञा मधल्या सुट्टीत त्यांच्या मागं जाऊन उभी राहायची. एकदा त्यांनी सहज 'भ' दाखवून विचारलं, "हे कंचं गं?"

"म," ती म्हणाली. मग, "न्हाय, भ. ते सारखं बदलतंय."

चाचांचा ब्रश हवेतच राहिला. रंगाचा एक थेंब त्यांच्या पायावर पडला. ते वळून तिच्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "तुला बी?"

त्या दिवशी शाळा सुटल्यावर ते माझ्याकडं आले. म्हणाले, "बाई, तुमी आवाज सांगा. मी अक्षर काढतो. ती शिकंल. आन जमलं तर मी बी."

शाळेला मागं एक जुनी दगडी खोली होती. ओल धरते म्हणून तिथं वर्ग भरत नसे, मोडकी बाकं ठेवलेली असत. चाचांनी तीच खोली मागितली. मी समोरची कोरडी खोली देत होते तर म्हणाले, "नगो. हीच बरी. माजी वळखीची हाय." आत गेल्या गेल्या ते पलीकडच्या भिंतीला कान लावून उभे राहिले. त्या दिवशी जरा जास्तच वेळ. प्रज्ञानं माझा हात धरला. खोली थंडगार होती, बाहेर ऊन असून.

आमचा वर्ग साडेचारला सुरू व्हायचा. चाचा एक अक्षर वीतभर उंच काढायचे. ऑइलपेंटचा थर, वाळला की त्यावर दुसरा, मग तिसरा, असं तीन-चार दिवस आधीपासून करून ठेवायचे. अक्षर भिंतीतून वर यायचं. प्रज्ञानं डोळे मिटून त्यावरून बोट फिरवायचं आणि आवाज म्हणायचा. मग चाचांची पाळी. पासष्टीचा माणूस डोळे मिटून, जिभेचं टोक दातात धरून, स्वतःच काढलेल्या अक्षरावरून बोट फिरवायचा आणि चुकायचा.

"चाचा, त्याला काना हाय," प्रज्ञा म्हणायची.

"मीच काढला आन मलाच गावंना बघ," चाचा म्हणायचे.

माझ्यासमोर महिनाभर न बोललेली मुलगी त्यांच्यासमोर हसायला लागली. न, म, त, मग काना. दोन अक्षरांसाठी तीन आठवडे लागले तरी चाचा म्हणायचे, "लागू द्यात. आमाला कुठं जायाचंय?"

'त' पक्का झाला त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. प्रज्ञा डोळे मिटून गिरवत होती. तिचं बोट रंगवलेल्या अक्षरावरून घसरलं आणि भिंतीच्या कोऱ्या भागावर, खाली, तिच्या छातीच्या उंचीवर गेलं. तिथं ते थांबलं. मग वळलं.

"हितं पण हाय," ती म्हणाली.

"काय?"

"त. उलटा हाय. पण त च हाय."

मी वाकून पाहिलं. पांढरा चुना, दुसरं काही नाही. मी बोट फिरवलं. चुन्याखाली काहीतरी होतं. खिळ्यानं ओरखडून वरून कितीतरी हात चुना बसावा, तशी बारीक खाच. मी चाचांना विचारलं, तुम्ही कधी इथं काही लिहिलं होतं का. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. जवळ मात्र आले नाहीत.

जुनी भिंत, जुनी शाळा. कुणा मुलानं कधीतरी ओरखडलं असेल. मी तसं म्हणाले आणि आम्ही पुढं गेलो. पण दुसऱ्या दिवशी तिथं प्रज्ञाला त्या 'त'च्या पुढं काना सापडला. आदल्या दिवशी मी स्वतः तिथून तळहात फिरवला होता. तिथं काही नव्हतं.

मी शास्त्र शाखेची पदवीधर आहे. तुमच्या मनात जे येईल ते सगळं माझ्या मनात येऊन गेलं. पोरगीच खिळ्यानं करत असेल म्हणून मी खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये ठेवली. त्या खुणा ताज्या नव्हत्या. चुना कुठं उकरलेला नव्हता, खाली भुगा पडलेला नव्हता. ओलीनं चुना फुगतो, खालचं वर येतं, असंही मी स्वतःला सांगितलं. आजही कुणी विचारलं तर मी तेच सांगते.

पुढं प, क, स या अक्षरांच्या वेळी प्रज्ञा रोज तिथं बोट फिरवून बघायची. नवं काही नसायचं. मी सुटकेचा निःश्वास टाकला. मग आम्ही 'र' घेतला. तिसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या आधी मी कुलूप काढलं. प्रज्ञा माझ्याबरोबर होती. ती सरळ भिंतीपाशी गेली, डोळे मिटले आणि म्हणाली, "त, काना, ता. र. तार."

चाचा दारात होते. त्यांनी चौकटीला हात टेकला आणि खालीच बसले.

पाणी प्यायल्यावर त्यांनी सांगितलं. ते याच शाळेत शिकले. दुसरीत असताना वाचता येईना म्हणून गुरुजी त्यांना या खोलीत, या भिंतीकडं तोंड करून उभं करायचे. वाचता येईल तेव्हा वळायचं. शेजारी तशीच एक मुलगी उभी असायची. तारा. तिलाही येत नव्हतं. पलीकडच्या वर्गात गुरुजी जे शिकवायचे ते ऐकू यावं म्हणून ती भिंतीला कान लावायची आणि हळू आवाजात यांना सांगायची. चाचा म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीनंतर आलीच न्हाय. तापानं गेली म्हणं. मला कुणी सांगितलंच न्हाय. मी तिची जागा सोडून हुबा ऱ्हायचो."

"मग तिनंच लिहिलं असेल हे, तेव्हा," मी म्हणाले.

"बाई, तिला तिचं नाव येत न्हवतं. त्यासाठीच तर हुबी असायची."

मी प्रज्ञाकडं पाहिलं. मला वाटलं ती घाबरेल, रडेल, उद्यापासून येणार नाही. ती भिंतीकडं बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला एक भाव होता. वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाला काहीतरी येत नाही हे कळल्यावर पुढच्या मुलाचा असतो तसा.

"एक काना ऱ्हायलाय तिचा," ती म्हणाली.

त्यानंतर आमच्या वर्गाची रीत बदलली. चाचा भिंतीपाशी उभे राहिले की डाव्या बाजूला एका मुलाइतकी जागा सोडायचे. मी नकळत त्या जागेत गेले तर म्हणायचे, "जरा हिकडं सरका बाई." मी सरकायचे. तुम्हीही सरकला असता. तिथं उभं राहिलं की उजव्या कानाशी श्वास घेतल्यासारखा बारीक आवाज यायचा. खिडकीची फट असेल.

चार दिवस गेले, आठ दिवस गेले. काना येईना. चाचा रोज कान लावायचे आणि मान हलवायचे. एका संध्याकाळी प्रज्ञानं पाण्याच्या पेल्यात बोट बुडवलं, 'र'च्या पुढं कोऱ्या चुन्यावर ओल्या बोटानं वरून खाली सरळ रेघ ओढली आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "आ. तोंड मोठं उघडायचं. आ." पुन्हा बोट बुडवलं, पुन्हा रेघ. मी तिला जसं शिकवायचे अगदी तसं, फक्त माझ्यापेक्षा धीरानं. किती वेळा केलं कोण जाणे. पाण्याची रेघ वाळायची, ती पुन्हा ओढायची. चाचा शेजारी डोळे मिटून उभे होते आणि त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं.

दुसऱ्या दिवशी काना तिथं होता. वाकडा, जरा लांब, पण होता. आम्ही तिघांनी एकेक करून त्यावरून बोट फिरवलं. त्यानंतर त्या भिंतीवर नवं काही आलं नाही. चाचा एकदाच म्हणाले, "गेली वाटतं वळून."

आणि प्रज्ञाची गाडी त्यानंतर जी सुटली ती सुटली. भराभर असं काही नाही. तिला आजही वेळ लागतो, 'ब' आणि 'व' अजून तिला फसवतात. पण तिची भीती गेली. अक्षर बदललं तर ती थांबायची, बोट ठेवायची, त्याचा आवाज म्हणायची, आणि पुढं जायची.

परीक्षा जवळ आली तशी तिचे वडील एके दिवशी तिला न्यायला थेट मागच्या खोलीत आले. टेम्पो बाहेर चालूच ठेवला होता. म्हणाले, "बाई, आता बास. रोज उशीर करती. पुढच्या वर्षी न्हायच घालायची तिला."

चाचांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि प्रज्ञाला दिला. मला वाटलं एखाद्या पाटीचा मजकूर असेल. ती उघडून उभी राहिली. वडील दारात. ती एकेक अक्षरावर बोट ठेवत, ओठ हलवत वाचायला लागली. फार वेळ लागला. एकदा चुकली, परत मागं गेली. वडिलांनी काही बोलायला तोंड उघडलं तसा चाचांचा हात वर झाला. "थांबा. ऐकू द्या जरा."

"पोरी," प्रज्ञानं वाचलं. "तू. रोज. ये."

मग ती चाचांकडं वळून म्हणाली, "चाचा, री दुसरी पायजे. तुमी पहिली दिलीय."

तो कागद कुणी लिहून दिलेला नव्हता. बघून उतरवलेलाही नव्हता. पेंटरचाचांनी आयुष्यात स्वतःच्या मनानं लिहिलेली ती पहिली ओळ होती आणि प्रज्ञानं आयुष्यात पाठ नसताना वाचलेली पहिली ओळही तीच.

वडील दारातच उभे राहिले. बाहेर टेम्पो धडधडत होता. त्यांनी पोरीच्या हातातला कागद घेतला, स्वतः वाचला, परत दिला. "किती वाजता सुटती रोज?" त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. "मग मी त्या टायमाला येतो," ते म्हणाले आणि टेम्पो बंद करून तिची वाट बघत बसले.

प्रज्ञा पाचवीला गेली, सहावीला गेली. परीक्षेत तिला जादा वेळ मिळायची सोय झाली. माझी बदली इंदापूरच्या पलीकडं झाली. त्या दगडी खोलीला पुढं आतून फरशा बसवल्या, असं ऐकलं. मी बघायला गेले नाही.

चाचांना मी शेवटचं पाहिलं ते एसटीतून. दुपारची वेळ, लासुर्ण्याचा थांबा. चौकात कुणाच्या तरी वाढदिवसाचा भलाथोरला फ्लेक्स लागला होता, खाली शुभेच्छा देणाऱ्या पन्नासेक लोकांची नावं. चाचा त्याच्यासमोर उभे होते. हात मागं बांधलेले, ओठ हलत होते. ते नावं वाचत होते, पहिल्यापासून, एकही न गाळता. येणारे-जाणारे त्यांना वळसा घालून जात होते. मी खिडकीतून हाक मारणार होते, पण मारली नाही. प्रत्येक नावानंतर ते थांबत होते, डाव्या बाजूला जरा खाली बघत होते, आणि मग पुढचं नाव घेत होते. तिथं कुणी नव्हतं. गर्दीही त्या जागेतून जात नव्हती. गाडी सुटली तेव्हा ते तिसऱ्या ओळीवर होते.

प्रज्ञा मला अधूनमधून फोनवर आवाजी निरोप पाठवायची. शाळेचं काही, मैत्रिणीचं काही. लिहायची कधी नाही, तिला ते जड जातं आणि मीही कधी आग्रह केला नाही. त्या वर्षी थंडीत एका सकाळी मी हजेरी घेत असताना तिचा निरोप आला. बोललेला नव्हता. लिहिलेला होता.

"बाई चाचा गेले. काल दूपारी. बावड्याला लेकीच्या घरी."

'दु' पहिला हवा होता. बाकी सगळं बरोबर होतं. वर्ग माझ्याकडं बघत होता आणि मी त्या एका ओळीवर बोट ठेवून, एकेक अक्षर, पुन्हा पहिल्यापासून वाचत होते.